मूत्रपिंडविकाराचे निदान केसमधून कसे शिकवावे

मेडिसिन युनिटमध्ये विद्यार्थ्यांसाठी केस निवडायची म्हटली की बहुतेक वेळा रेकॉर्डमधून एखादे डिस्चार्ज कार्ड काढले जाते. त्या कार्डावर सर्वांत वर निदान लिहिलेले असते, त्याखाली त्या निदानाला जुळणाऱ्या तक्रारी आणि तपासण्या असतात, आणि ज्या गोष्टी निदानाशी जुळल्या नाहीत त्या लिहिणाऱ्या रेसिडेंटच्या हातून बहुधा गळून गेलेल्या असतात. रुग्ण दाखल झाला त्या रात्री मात्र यांपैकी काहीही या क्रमाने कळलेले नव्हते. म्हणून केसमधून शिकवण्याचा पहिला नियम असा धरावा, की युनिटला माहिती ज्या क्रमाने मिळत गेली त्याच क्रमाने ती विद्यार्थ्यांपुढे यावी, आणि प्रत्येक टप्प्यावर पुढचे पान उलटण्याआधी त्यांनी आपले मत कागदावर उतरवावे.

मूत्रपिंडाच्या बाबतीत हा नियम अधिकच लागू पडतो, कारण हा अवयव सहसा दुखत नाही, हाताला क्वचितच लागतो आणि स्टेथोस्कोपने ऐकू येत नाही. छातीत दुखणारा रुग्ण विद्यार्थ्याला स्वतःच दिशा दाखवतो, तर मूत्रपिंडाचा रुग्ण थकवा, सूज, धाप, उलट्या अशा कुठल्याही दाराने आत येतो. त्याच्या निदानाचा आधार तीन गोष्टींवर असतो : लघवीत काय सापडते, क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) किती आहे आणि हे सगळे किती दिवसांत घडले. केसची मांडणी करताना या तीन गोष्टी विद्यार्थ्याने मागून घ्याव्यात, त्याला आयत्या मिळू नयेत.

पुढील सूचना तिसऱ्या वर्षाच्या व अंतिम वर्षाच्या आठ-दहा विद्यार्थ्यांच्या तुकडीचे क्लिनिक घेणाऱ्या व्याख्यात्यांना आणि सीनियर रेसिडेंटना समोर ठेवून लिहिल्या आहेत.

केस कोणत्या निवडाव्यात

एका पोस्टिंगमध्ये मूत्रपिंडाच्या पाच-सहा केस पुरेशा होतात. दुर्मीळ आजाराची केस शिकवणाऱ्याला हुरूप देते. विद्यार्थ्याला मात्र तिच्यातून 'असेही असते' एवढेच कळते. आपल्या रुग्णालयाच्या दारात जे येते तेच निवडावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत आलेली त्याची साथ आज शिकवणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतः वॉर्डात पाहिलेली आहे. ग्रामीण भागात घोणस आणि फुरसे यांच्या दंशानंतर मूत्रपिंड बंद पडलेले शेतकरी येतात. मधुमेह, रक्तदाब, मुतखडा आणि प्रोस्टेट तर सर्वत्र आहेतच. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे मेडिकलमधून परस्पर आणून खाणारा सांधेदुखीचा रुग्ण शोधावा लागत नाही.

निवडताना एक गोष्ट पाहावी : केसमध्ये किमान एक वळण असे असावे, की जिथे सरळमार्गी विद्यार्थी चुकेल आणि चुकल्याचे त्याला त्याच तासात कळेल. असे वळण नसलेली केस म्हणजे गोष्टीच्या रूपातले व्याख्यान होय. केस कागदावर आणताना रुग्णाचे नाव, गाव, नोंदणी क्रमांक आणि ओळख पटेल असा फोटो काढून टाकावा. रुग्ण वॉर्डातच असेल, तर विद्यार्थी त्याच्या खाटेभोवती जमण्याआधी त्याला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर ते निमूटपणे मान्य करावे.

एक केस टप्प्याटप्प्याने

आता पावसाळ्यातली एक केस घेऊ. ती मी शिकवण्यासाठी रचलेली आहे, पण कोकणातल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात अशी केस भातलावणीच्या दिवसांत भेटू शकते.

पहिल्या कागदावर एवढेच द्यावे : अठ्ठावीस वर्षांचा शेतकरी, पाच दिवस ताप, अंगदुखी, दोन दिवसांपासून डोळे पिवळे आणि मळमळ. इथे थांबून प्रत्येकाला तीन शक्यता आणि तीन प्रश्न लिहायला सांगावे. बहुतेक कागदांवर 'व्हायरल हिपॅटायटिस' सर्वांत वर येते, मलेरिया आणि डेंग्यू खाली येतात, आणि मूत्रपिंडाचा उल्लेख कुठेच नसतो. शिकवणाऱ्याने या वेळी काहीही सुचवू नये. 'लघवी किती होते' हा प्रश्न कोणी विचारला आहे का, एवढेच मनात टिपून ठेवावे.

दुसरा कागद विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांचा. जो प्रश्न विचारला गेला नाही त्याचे उत्तर देऊ नये, हे पथ्य कठीण असले तरी पाळावे. कामाविषयी कोणी विचारले असेल तर तो आठवडाभर चिखलात अनवाणी उभा होता हे सांगावे. अंगदुखी नेमकी कुठे असे विचारले असेल तर पोटऱ्या दाबल्यावर तो कळवळतो हे सांगावे. डोळे नीट पाहायला मागितले असतील तर ते पिवळे आहेत तसेच लालही आहेत, पण चिपडे नाहीत, हे सांगावे. ज्यांनी विचारले नाही त्यांना हे शेजारच्याकडून कळते, आणि त्याची बोच पुढच्या केसमध्ये उपयोगी पडते.

तिसऱ्या कागदावर आकडे. क्रिएटिनिन ४.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पोटॅशियम ३.१, बिलिरुबिन ११, एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारे एंझाइम) ८६, प्लेटलेट ४८ हजार, मलेरियाची स्मिअर निगेटिव्ह, चोवीस तासांतली लघवी १,४०० मिली. आता विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : या आकड्यांपैकी कोणते दोन एकमेकांशी किंवा तुमच्या निदानाशी भांडतात? प्रश्न असा विचारला की सगळे रिपोर्टकडे पुन्हा पाहू लागतात. व्हायरल हिपॅटायटिसने डोळे इतके पिवळे झाले असते तर एसजीपीटी बहुधा हजाराच्या घरात गेले असते. इथे बिलिरुबिन ११ असून एसजीपीटी शंभराच्या आत आहे. क्रिएटिनिन चारच्या वर गेले की पोटॅशियम चढेल अशी अपेक्षा असते. इथे ते उतरले आहे आणि लघवीही बरी चालली आहे. ताप, कावीळ, उतरलेले प्लेटलेट आणि लघवी चालू असूनही बिघडलेले मूत्रपिंड, त्यात पोटॅशियम कमी, हे चित्र लेप्टोस्पायरोसिसमध्ये वारंवार दिसते, कारण त्यात नलिकांच्या सुरुवातीच्या भागात सोडियम शोषले जात नाही आणि पुढच्या भागात पोटॅशियम वाहून जाते. नलिकेचे शरीरक्रियाशास्त्र पहिल्या वर्षी पाठ केलेले असते. त्याचा उपयोग खाटेपाशी झालेला विद्यार्थ्याला पहिल्यांदाच दिसतो, आणि त्यासाठी पाच मिनिटे जास्त गेली तरी जाऊ द्यावीत.

चौथा कागद म्हणजे लेप्टोस्पायराची आयजीएम (आजारात आधी तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची) चाचणी, आणि ती निगेटिव्ह द्यावी. इथे अर्धी तुकडी निदान सोडून देते. मग आजाराचा कितवा दिवस आहे हे विचारावे. पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसतात, त्यामुळे पाचव्या दिवशी निगेटिव्ह आलेली चाचणी निदान खोडत नाही आणि प्रतिजैविक थांबवण्याचे कारणही होत नाही. चाचणी कधी केली हे चाचणीच्या निकालाइतकेच महत्त्वाचे आहे, हे या एका कागदाने जेवढे ठसते तेवढे संवेदनशीलता-विशिष्टतेच्या तक्त्याने ठसत नाही.

शेवटी प्रत्येकाने पहिल्या कागदावर काय लिहिले होते ते मोठ्याने वाचावे. वाचताना हसू येते, आणि ते येऊ द्यावे. हिणवणे मात्र कोणाच्याही बाजूने होऊ देऊ नये.

लघवी स्वतःच्या डोळ्यांनी

लंडनच्या गायज रुग्णालयात रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज, लघवीतील प्रथिने आणि शवविच्छेदनात दिसलेली मूत्रपिंडे यांची सांगड घातली, तेव्हा त्यांच्याकडे प्रथिने ओळखण्याचे साधन म्हणजे चमचाभर लघवी आणि मेणबत्तीची ज्योत एवढेच होते. आपल्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीचा वरचा भाग तापवून आणि ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकून नेमका तोच प्रयोग केलेला असतो, पण 'युरिन रुटीन'चा छापील रिपोर्ट हातात आल्यावर त्या दोहोंचा संबंध त्याला आठवत नाही. म्हणून मूत्रपिंडाच्या प्रत्येक केसला साइडरूममध्ये (वॉर्डालगतच्या छोट्या प्रयोगशाळेत) एक फेरी ठेवावी. कितीही घाई असली तरी ही फेरी गाळू नये, एवढा हट्ट मी धरतो.

नमुना ताजा, दोन तासांच्या आतला हवा; सकाळी सातला धरून दुपारी बारापर्यंत खिडकीत राहिलेल्या बाटलीत पेशी आणि कास्ट (नलिकेच्या आकाराचे सूक्ष्म साचे) विरघळून गेलेले असतात. दहा मिली लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला सुमारे दीड ते दोन हजार फेऱ्यांवर पाच मिनिटे फिरवावी, वरचे पाणी ओतून द्यावे, तळाशी उरलेल्या अर्ध्या मिलीत गाळ हलकेच मिसळावा आणि त्यातला एक थेंब काचेवर घेऊन वर कव्हरस्लिप ठेवावी. त्यानंतर विद्यार्थी हमखास एक चूक करतात : रक्ताची स्लाइड पाहायच्या सवयीने कंडेन्सर (काचेखालचे उजेड एकवटणारे भिंग) पूर्ण वर ठेवून लख्ख उजेडात पाहतात आणि 'काही नाही, सर' म्हणतात. कंडेन्सर खाली घेऊन उजेड कमी केला, की त्याच जागी काचेसारखे पारदर्शक हायलाइन कास्ट उमटू लागतात. हे त्यांच्याच हाताने करवून घ्यावे. आधी लो पॉवरखाली कव्हरस्लिपच्या कडा पाहाव्यात, कारण कास्ट तिकडे सरकतात. मग हाय पॉवर लावावी.

कास्ट का शोधायचे हेही तिथेच सांगावे. नलिकेत स्रवणारे एक प्रथिन गोठून तिच्याच आकाराचा साचा बनतो, आणि त्या साच्यात जे अडकलेले दिसते ते मूत्राशयातून किंवा मूत्रमार्गातून आलेले असूच शकत नाही. म्हणून लघवीत सुट्ट्या तांबड्या पेशी दिसल्या तर मुतखड्यापासून गाठीपर्यंत सगळ्या शक्यता उघड्या राहतात, पण तांबड्या पेशींचा एक कास्ट दिसला की ग्लोमेरुलसकडे, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणीकडे, बोट जाते. चिखलासारखे तपकिरी ग्रॅन्युलर कास्ट भरपूर दिसले तर नलिकांचा नाश झालेला आहे असे समजावे. पांढऱ्या पेशींचे कास्ट दिसले तर मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग किंवा औषधाने नलिकांच्या मधल्या ऊतीत आलेला दाह, या दोन दिशांनी प्रश्न विचारावेत. हे सारे चित्रांच्या ॲटलासमध्ये मिळते. स्वतः शोधलेला पहिला कास्ट मात्र विद्यार्थी पुढची अनेक वर्षे विसरत नाही.

डिपस्टिकचे (लघवीत बुडवायच्या, रंग बदलणाऱ्या पट्टीचे) दोन सापळे मुद्दाम केसमध्ये पेरावेत. पहिला : डिपस्टिकवर रक्त ३ प्लस, सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी शून्य. पट्टी हीमला (हिमोग्लोबिन व मायोग्लोबिनमधल्या लोहयुक्त घटकाला) प्रतिसाद देते, पेशीला नव्हे. म्हणजे फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन किंवा चिरडलेल्या स्नायूतले मायोग्लोबिन लघवीत आलेले आहे. मारहाण झालेला, दिवसभर उन्हात अवजड काम केलेला किंवा अपस्माराचे झटके येऊन गेलेला रुग्ण अशा लघवीसह येतो. दुसरा : साठीचा रुग्ण, पाठदुखी, ॲनिमिया, क्रिएटिनिन ३.४, डिपस्टिकवर प्रथिने 'ट्रेस', पण सल्फोसॅलिसिलिक ॲसिड टाकताच नळी दुधासारखी पांढरी. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगातल्या हलक्या साखळ्या (प्रतिपिंडांचे तुकडे) तिला दिसत नाहीत. दुसरी नळी समोर पांढरी होताना पाहिलेल्या तुकडीला मायलोमा निराळा शिकवावा लागत नाही.

क्रिएटिनिन हा आकडा एकटा वाचू नये

फळ्यावर दोन रुग्ण लिहावेत : पंचवीस वर्षांचा तरुण, क्रिएटिनिन १.२, अडुसष्ट वर्षांची स्त्री, क्रिएटिनिन १.२. रिपोर्टवर दोघांच्याही पुढे लाल खूण नाही. आता २०२१ चे सीकेडी-ईपीआय सूत्र मोबाइलवर काढून प्रत्येकाने ई-जीएफआर (वय, लिंग व क्रिएटिनिनवरून काढलेली मूत्रपिंडाची गाळण्याची गती) मोजावा. तरुणाचा सुमारे ८६ येतो आणि त्या बाईंचा सुमारे ४९. एकाच आकड्याने एकाला निरोगी ठरवले आणि दुसरीचा निम्मा तोटा लपवला. मग तिला तुम्ही सांधेदुखीसाठी कोणती गोळी लिहून देत होतात, हे विचारावे.

याच सूत्राची मर्यादा लगेच पुढच्या केसमध्ये दाखवावी, नाहीतर सूत्र म्हणजे ब्रह्मवाक्य असा समज होतो. काल दुपारी घोणस चावलेला, रात्रीपासून लघवी न झालेला शेतकरी. आज सकाळचे क्रिएटिनिन १.६. सूत्रात घातले तर ई-जीएफआर बरा निघतो, प्रत्यक्षात तो जवळपास शून्य असू शकतो, कारण दोन्ही मूत्रपिंडे पूर्ण थांबली तरी क्रिएटिनिन दिवसाला साधारण एक-दीडनेच चढते. आकडा स्थिर असेल तरच सूत्र चालते. केडिगो या मूत्रपिंडविकारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेच्या २०१२ च्या निकषांत तीव्र इजेसाठी ४८ तासांत ०.३ ची वाढ, सात दिवसांत दीडपट वाढ किंवा सहा तास ताशी किलोमागे अर्ध्या मिलीहून कमी लघवी, यांपैकी काहीही एक पुरते, ते याचसाठी. या केसमध्ये वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणीही विद्यार्थ्यांकडून करवून घेता येते : कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचे, वीस मिनिटे तिला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून पाहायचे. प्लास्टिकची नळी चालत नाही, आणि का चालत नाही हा प्रश्न तोंडी परीक्षेसाठी उत्तम आहे.

हा बिघाड नवा की जुना, हे ठरवण्यासाठी विद्यार्थी लगेच सोनोग्राफी मागतात. त्याआधी नातेवाइकांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी मागावी. त्या पिशवीत औषधांची रिकामी पाकिटे, रेशनकार्डाची झेरॉक्स, एक्स-रे आणि घडी फाटलेला दोन वर्षांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट असतो, आणि त्या एका कागदावर जुने क्रिएटिनिन सापडले तर अर्धा प्रश्न सुटतो. पिशवी उपसण्याचे काम दर वेळी एका विद्यार्थ्याला नेमून द्यावे. जुना आकडा नसेल तेव्हा सोनोग्राफीकडे वळावे : मोठ्या माणसाचे मूत्रपिंड साधारण ९ ते १२ सेंटिमीटर असते, आणि दोन्ही लहान व पांढुरकी झाली असतील तर आजार जुना आहे. मूत्रपिंडे लहान झालेली नाहीत म्हणून आजार नवाच, असे मात्र म्हणता येत नाही. मधुमेह, अमायलॉइड, मायलोमा आणि पॉलिसिस्टिक आजार यांत ती आकाराने नेहमीसारखी किंवा मोठीही राहतात. ॲनिमियावरून 'क्रॉनिक' ठरवण्याची सवय विद्यार्थ्यांना फार असते. ती लेप्टोच्या किंवा मलेरियाच्या एखाद्या रुग्णावर मोडून काढावी.

सोडियमच्या उत्सर्जनाचे (गाळलेल्या सोडियमपैकी किती टक्के लघवीत जाते याचे) गणित एकदा फळ्यावर करावे आणि सोडून द्यावे. लघवीतले सोडियम १८, रक्तातले १३६, लघवीतले क्रिएटिनिन १४०, रक्तातले २.८ असे आकडे घेतले तर उत्तर ०.२६ टक्के येते, म्हणजे नलिका जिवंत आहेत आणि सोडियम धरून ठेवत आहेत. लघवी वाढवणारे औषध आधी दिले असेल तर हे गणित फसते, तेव्हा युरियाचे करावे. यावर यापेक्षा अधिक वेळ देण्यासारखे काही नाही. जुलाबाच्या रुग्णाची जीभ कोरडी आहे आणि उभे राहताच रक्तदाब पडतो हे ज्याला दिसले, त्याला हे उत्तर गणिताआधीच माहीत असते.

जोडीने शिकवलेल्या केस

नेफ्रॉटिक (लघवीतून खूप प्रथिने जाणे) आणि नेफ्रायटिक (गाळणीचा दाह, लघवीत रक्त) यांची दोन रकान्यांची तुलना प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत असते, तरीही सुजलेले मूल समोर आले की दोन्ही रकाने एकमेकांत मिसळतात. त्यावर उपाय म्हणजे दोन मुले एकाच तासात, शेजारी-शेजारी. पहिला नऊ वर्षांचा, सकाळी डोळ्यांवर सूज, लघवी कमी आणि आईच्या शब्दांत 'काळ्या चहासारखी', रक्तदाब १४०/९६, पायांवर महिन्याभरापूर्वीच्या खरजेचे आणि पुळ्यांचे सुकलेले डाग. दुसरा पाच वर्षांचा, अंगभर सूज, लघवीला फेस, रक्तदाब ठीक, अल्ब्युमिन १.६, लघवीचा रंग नेहमीचा. दोघांचीही तोंडे सारखीच सुजलेली दिसतात, म्हणून 'सूज' या शब्दाने निदान होत नाही हे लगेच पटते. मग विचारावे : दोघांपैकी आज रात्री कोणाची काळजी जास्त वाटते? उत्तर नऊ वर्षांच्या मुलाकडे जायला हवे, कारण त्याचा रक्तदाब झटके आणू शकतो आणि साठलेले पाणी फुप्फुसात जाऊ शकते. पायांवरचे डाग कोणाला दिसले, हे त्यानंतर विचारावे. घशाच्या संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी आणि कातडीच्या संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी त्या नऊ वर्षांच्या मुलाला झालेला नेफ्रायटिस येतो, म्हणून 'आता कुठे काही जखम आहे का' असे विचारून भागत नाही. मागच्या महिन्याविषयी विचारावे लागते. सी३ (रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांपैकी एक) कमी येईल असे भाकीत विद्यार्थ्यांकडून आधी वदवून घ्यावे आणि मगच रिपोर्ट दाखवावा.

मोठ्यांमधली जोडीही अशीच लावावी. दोन्ही स्त्रिया, दोघींनाही मधुमेह, दोघींच्याही लघवीत प्रथिने. पहिलीचा मधुमेह पंधरा वर्षांचा, डोळ्यांच्या पडद्यावर रेटिनोपथी, प्रथिने हळूहळू वाढत गेलेली. दुसरी शेहेचाळीस वर्षांची, मधुमेह तीन वर्षांचा, पडदा स्वच्छ, आणि दोन महिन्यांत अचानक चोवीस तासांना आठ ग्रॅम प्रथिने व पायांवर सूज. तुकडीतले बहुतेक जण दोघींनाही 'डायबेटिक नेफ्रोपथी' लिहून मोकळे होतात. दुसऱ्या बाईंचा इतिहास पुन्हा घ्यायला लावावा. 'मावशी, दुसरे काही औषध घेता का?' या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या लेखी चूर्ण, काढा, भस्म हे औषध नाही आणि चेहऱ्याला लावायचे क्रीम तर नाहीच नाही. 'पोटात साखरेसाठी कोणी काही पूड दिली आहे का? चेहऱ्याला काय लावता? डबी दाखवता का?' असे विचारले की पिशवीतून कंपनीचा पत्ता नसलेली गोरेपणाच्या क्रीमची डबी बाहेर येते. अशा काही क्रीममध्ये आणि काही देशी औषधांमध्ये पारा असतो, आणि त्यातून मेम्ब्रेनस नेफ्रोपथी (गाळणीचा पडदा जाड होऊन प्रथिने गळण्याचा आजार), विशेषतः एनईएलएल-१ प्रतिजनाची, होते हे भारतातील रुग्णांमध्ये नोंदले गेले आहे. प्रश्न कसा विचारला यावर इतिहास बदलतो, हे विद्यार्थ्याने आपल्या कानांनी ऐकलेले असावे. त्यासाठी शिकवणाऱ्यानेच रुग्णाची भूमिका करून 'नाही' म्हणावे आणि पुढे गप्प बसावे.

तातडीचे आधी

क्लिनिकमधली चर्चा रंगते तेव्हा रुग्ण मागे पडतो. म्हणून प्रत्येक केसच्या आरंभी, निदानाचा शब्दही काढण्याआधी, विद्यार्थ्याने तीन गोष्टी पाहिल्या असे सांगितले पाहिजे : पोटॅशियम आणि ईसीजी, श्वास, आणि ओटीपोटावर हात.

तिसरी गोष्ट यादीत कशी आली ते सांगतो. मी रेसिडेंट असताना राउंडला एका वृद्ध गृहस्थांची केस मांडली होती. क्रिएटिनिन ६, लघवी जवळपास बंद. ग्लोमेरुलसच्या आजारांवर वीस मिनिटे हिरिरीने चर्चा झाली, कॉम्प्लिमेंटपासून बायोप्सीपर्यंत सगळे निघाले. खाटेच्या पलीकडे उभ्या असलेल्या सिस्टर शेवटी म्हणाल्या, 'सर, बाबांचं पोट खाली फुगलंय, कॅथेटर टाकू का?' पिशवीत बाराशे मिली लघवी जमा झाली. आठवड्याभरात त्यांचे क्रिएटिनिन दोनच्या खाली आले. त्या गृहस्थांच्या पोटावर आम्ही चौघांनीही हात ठेवला नव्हता, आणि केसपेपरवर मात्र माझ्याच अक्षरात 'पोट मऊ' असे लिहिलेले होते. ही चूक मी दर बॅचला सांगतो. शिकवणाऱ्याची स्वतःची एक खरी चूक ऐकल्यावर विद्यार्थी आपल्या कागदावरचे चुकीचे उत्तर झाकत नाहीत, हा त्याचा दुसरा फायदा.

वेगाने वाढणारा ग्लोमेरुलोनेफ्रायटिसही याच सदरात शिकवावा. क्रिएटिनिन सोमवारी १.८, गुरुवारी ३.१, रविवारी ५ आणि लघवीत तांबड्या पेशींचे कास्ट, असा कागद दिला की विद्यार्थी एएनसीए, अँटी-जीबीएम, एएनए या प्रतिपिंडांच्या चाचण्यांची यादी बरोबर सांगतात. 'रिपोर्ट यायला पाच दिवस लागतील, तोवर काय करणार?' हा प्रश्न विचारल्यावर शांतता पसरते. ती शांतता भरून काढण्याची घाई करू नये. मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत. सहाव्या-सातव्या आकड्याला कोणीतरी, बहुधा मागे उभा असलेला, बायोप्सीसाठी आजच पाठवू आणि रिपोर्टची वाट न पाहता उपचाराविषयी वरिष्ठांशी बोलू, असे म्हणतो.

शिकले की नाही हे कसे पाहावे

तास संपताना प्रत्येकाने केस एका वाक्यात लिहावी. वय, कालावधी, सिंड्रोम आणि केसला वळण देणारी एक गोष्ट एवढेच त्यात असावे. आजाराचे नाव नसावे. 'भातलावणी करणाऱ्या तरुणात पाच दिवसांच्या तापानंतर कावीळ, कमी प्लेटलेट आणि लघवी चालू असूनही कमी पोटॅशियमसह मूत्रपिंडाची तीव्र इजा' असे वाक्य ज्याला जमले त्याला निदान चुकले तरी दिशा चुकणार नाही. ज्याच्या वाक्यात सात रिपोर्ट आणि एकही कालावधी नाही, त्याच्यासोबत पुन्हा पहिल्या कागदापासून बसावे. त्यानंतर केसमधली एकच गोष्ट बदलून विचारावे : हाच शेतकरी, पण पोटॅशियम ६.४ असते तर? त्याच मुलाला घसा दुखू लागला त्याच दिवशी लघवी लाल झाली असती तर? शेवटच्या प्रश्नावर आयजीए नेफ्रोपथीचे नाव येते की नाही, यावरून त्या तासाची प्रत तात्काळ कळते.

एक काम तासाबाहेरचे आहे आणि ते बहुतेक युनिटमध्ये राहून जाते. खरजेनंतर लघवी लाल झालेल्या मुलाचे सी३ साधारण आठ आठवड्यांत पूर्ववत व्हायला हवे, आणि ते झाले नाही तर निदानाचा फेरविचार करून बायोप्सीचा विचार करावा लागतो. तोवर विद्यार्थ्यांची पोस्टिंग सर्जरीत किंवा बालरोग विभागात गेलेली असते. मुलाच्या ओपीडीची तारीख दोन विद्यार्थ्यांच्या वहीत लिहून द्यावी, त्यांच्या नव्या युनिटमधून अर्ध्या तासाची सुटी आधीच मागून ठेवावी, आणि त्या दिवशी रक्तदाब त्यांनीच मोजावा, लघवीची नळी त्यांनीच फिरवावी. आई त्या वेळी लघवीचा रंग आता कसा आहे हे आपणहून सांगते. ते वाक्य केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे.